बत्तीस लाख नऊशे सत्तावन

१२ जाने. २०२६, सोम. रोहणा

आजपासून नवीन काम. म्हणजे जुनंच. भागाकार.

सकाळी कमलच्या पायाची पट्टी बदलली. अंगठ्याची जखम अजून ओली आहे. पट्टी बांधून उठलो तर म्हणते, "तुमी दिवसभर नुसते इकून तिकून फिरता. एखांदं गणित घेऊन बसत जा ना." म्हटलं, दे एखादी संख्या. मोठी, सात आकडी. तिने डोळे मिटले अन् म्हणाली, "बत्तीस लाख नऊशे सत्तावन." कुठून आणली विचारलं तर, "अशीच आली तोंडात." लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, गणिताचं पुस्तक कधी हातात धरलं नाही बाईने.

३२००९५७. विषम. शेवटी ५ नाही. अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ने जात नाही. चांगली निवडली. आता पाहायचं की ही मूळ संख्या आहे, का हिला कुणाचा भाग जातो. मोबाईल नाही, कॅल्क्युलेटर नाही. तीस वर्षं ह्याच गावच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त होऊन चौदा झाली. एवढं तर आलंच पाहिजे.

१७८९चा वर्ग ३२००५२१. १७९०चा पुढे निघून जातो. म्हणजे १७८९पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. एकाचाही भाग गेला नाही तर ही मूळ. चाळणी लावून यादी केली, सगळी दुपार त्यात गेली. भाजक २७८.

कमलची इन्सुलिनची सुई: सकाळी सिरिंजच्या २१ रेघा, संध्याकाळी १२. डॉक्टरने रोज लिहून ठेवायला सांगितलं आहे. इथेच लिहीत जाईन. आज २१/१२.

१४ जाने., बुध.

संक्रांत. ज्योती तिळगूळ घेऊन आली अन् कमलकडे पाहून डबा पदराखाली लपवला. कमल हसली. "दाखव तं खरी, पाहाले काय साखर वाढते का?"

ज्योती म्हणजे शेजारच्या मडावीची सून. शाळेत माझ्याकडेच होती. बोटांवर मोजायची, तेही घरच्या गोंडी बोलीत, ओठ हलवत. छडीने बोटं खाली करायला लावायचो. नववीत नापास झाली ती गणितातच. नंतर वर्ध्याला एका दवाखान्यात दोन वर्षं आयाचं काम केलं, म्हणून आता पट्टी माझ्यापेक्षा चांगली बांधते. मनात काही ठेवलेलं दिसत नाही. किंवा दाखवत नसेल.

वहीत डोकावून म्हणते, "सर, मोबाईलवर टाकू का? एका मिन्टात येते उत्तर."

"खबरदार!"

११ने बाकी १. २३नेही बाकी १. एकाने कमी असती तर दोघांचाही भाग गेला असता. थोडक्यात वाचली.

सुई २१/१२.

१९ जाने., सोम.

कमल विचारते, "एवढं लांबलचक करता, मधात चुकलं तं कसं समजते?" तिला नवाचा ताळा समजावला. संख्येचे अंक मिळवत जायचं, एकच अंक उरेपर्यंत. आपल्या संख्येची बेरीज २६, २ आणि ६ आठ. आता भाजकाचा असाच एक अंक काढ, भागाकाराचा काढ, दोघांचा गुणाकार कर, त्यात बाकीचा अंक मिळव. शेवटी आठच आला पाहिजे. नाही आला तर चुकलं, पुन्हा कर.

"अन् आला तं बरोबरच?"

"बरोबरच समज."

चष्मा दोन तास सापडला नाही. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या डब्याशेजारी निघाला. ज्योती कुठेही काहीही ठेवते. सांगितलं तिला. "मी नाई ठेवला सर," म्हणाली. बरं. भुताने ठेवला.

सुई २१/१२.

२७ जाने., मंगळ.

६१३ झाला. ११२ झाले, १६६ राहिले. रोज आठ काढतो. सकाळी चार, दुपारी चार. प्रत्येकाचा ताळा जमलेला.

वंदीचा पुण्याहून फोन. एकुलती एक लेक, पण फोनवर हेडमास्तरीण. "बाबा, आईला इकडे आणते. तुम्हाला एकट्याला जमणार नाही." काय जमणार नाही? सुई कोण देतो? पथ्य कोण सांभाळतो? दोन वर्षांत एक वेळ चुकली नाही. फोन ठेवून दिला. दूध उतू गेलं होतं तोवर. तिच्या फोनच्या नादात.

कमल म्हणाली, "तिले म्हणा मी नाई येत. मले रोहणा बरं."

सुई २१/१२.

३ फेब्रु., मंगळ.

हजाराच्या आतले सगळे संपले. १६८. एकाचाही भाग नाही. कमलला सांगितलं तर म्हणते, "येखांदा तं जाऊ द्या बिचारीले!"

जखम सुकते आहे. हरभऱ्याएवढी राहिली. सकाळची शुगर १४८. खूप दिवसांनी बरं वाटलं. दुपारी दोघं ओट्यावर बसलो, तिने पाय उन्हात ठेवला. संख्या मूळ निघाली तर तिचं नाव देऊ म्हटलं. लाजली चक्क.

सुई २१/१२.

१० फेब्रु., मंगळ.

पहिली वही भरली. १३९९पर्यंत आलो, २२२ झाले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने मोठ्या अक्षरात संख्या लिहिली, रोज समोर दिसावी म्हणून. ३२००५९७. ताळा ८, जमला. जुनी वही कपाटात टाकली. उद्या १४०९पासून. फक्त ५६ राहिले.

सुई २१/१२.

१२ फेब्रु., गुरु.

एका दिवसात दहा भाजक. हात चांगला चालला. एकूण २४०.

दुपारी कमलची शुगर २८०. काऊन वाढली कळत नाही. पथ्य तर तेच. ज्योतीने काही खाऊ घातलं असेल, म्हणून रात्रीचं जेवण अर्धंच दिलं.

संध्याकाळी कमलशी थोडं वाजलं. कशावरून, ते लिहिण्यासारखं नाही.

सुई १२/२१.

१३ फेब्रु., शुक्र. आर्वी, दवाखान्याच्या व्हरांड्यात

पहाटे पाचला उठलो तर कमल घामाने ओलीचिंब. हाक मारली, ओ नाही. हलवली, डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर. ओरडत शेजारी गेलो. ज्योती तशीच धावत आली, बोटाला मीटर लावलं. ३१. "सर, साखर आना, साखर!" मला साखरेचा डबा सापडेना. माझ्याच घरात. तिनेच शोधला, ओल्या बोटाने कमलच्या हिरड्यांना साखर चोळत राहिली. मग ऑटो, आर्वी.

सलाईन लावल्यावर तासाभराने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं पण मला ओळखलं असं वाटलं नाही.

डॉक्टर: "काल संध्याकाळी किती दिलं, सर?"

"बारा."

"नक्की?"

"डॉक्टरसाहेब, मी गणिताचा मास्तर आहे."

आज भागाकार नाही.

१६ फेब्रु., सोम.

घरी आणली. डॉक्टर म्हणाले, बाराने इतकी खाली जाते म्हणजे शरीराला तेवढी लागत नाही आता. कमी केली. सकाळी १४, संध्याकाळी ६.

कमल गप्प आहे. पाणी मागायचं होतं तर "ते, ते" म्हणत बोट दाखवत राहिली. शब्द आठवेना. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. कधी, ते नाही सांगत.

वंदी दोन दिवस येऊन गेली. नवऱ्याला सुट्टी नाही, पोरीची परीक्षा. जाताना माझ्याशी बोलली नाही.

सुई १४/६.

२० फेब्रु., शुक्र.

१६५७ झाला. अठरा राहिले. मन लागत नाही, पण बसलो नाही तर जास्त त्रास होतो.

शुगर २९०. जखम पुन्हा ओली. ज्योती पट्टी सोडताना नाकाला पदर लावते, मी पाहत नाही असं समजून. शब्द परत आले कमलचे, पण बोलताना मधात थांबते. संख्येबद्दल सांगितलं तर म्हणाली, "कोनती संख्या?" तिचीच. बत्तीस लाख नऊशे सत्तावन. "मी देल्ली होती?"

सुई १४/६.

२४ फेब्रु., मंगळ.

संपलं. शेवटचा १७८९. भागाकारही १७८९, बाकी ७६. २७८पैकी एकाचाही भाग गेला नाही. मूळ आहे.

कमलच्या उशाशी बसून तिला सांगितलं, तुझी संख्या अभंग निघाली, कुणाच्याच हाती लागली नाही. तिने माझा हात दाबला. तेवढंच. मला रडू आलं, का ते माहीत नाही. बहात्तर वर्षांचा माणूस, अन् भागाकार करून रडतो.

शुगर ३१०. सुई १४/६.

२५ फेब्रु., बुध.

सकाळी ज्योतीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिने मोबाईल काढला, मी काही म्हणायच्या आत टाकली संख्या.

"सर, रागावू नका. हे तं जाते म्हणते. सतराशे नऊने."

"मोबाईल मूर्ख आहे तुझा."

"पुन्ना पाह्यलं सर. सतराशे नऊ गुनिले अठराशे त्र्याहत्तर."

तिला घरी जा म्हटलं. वाईट बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. नाही, लिहितो: "बोटं मोजणाऱ्याने मला शिकवू नये." ती गेली.

वही काढली. १७०९: भागाकार १८७२, बाकी १३४९, ताळा ८, शेजारी बरोबरची खूण. मग कागदावर १७०९ गुणिले १८७३ केलं. ३२००९५७ आलं. पुन्हा केलं. तेच. बाकी १३४९ असताना भाग जातो कसा? नव्या वहीचं पहिलं पान पाहिलं. लाल पेन. ३२००५९७. कपाटातून जुनी काढली. ३२००९५७.

नऊ आणि पाच यांची जागा बदलली. फरक ३६०चा. १३४९मध्ये ३६० मिळवले की बरोबर १७०९. पंधरा दिवस मी छप्पन्न भागाकार दुसऱ्याच संख्येचे केले. एकेक अचूक. ताळा सगळ्यांचा जमला, कारण अंक तेच, बेरीज तीच. अदलाबदल ताळ्याला दिसत नाही. ३६ अन् ६३ फळ्यावर लिहून हे मी दरवर्षी पोरांना दाखवायचो. दरवर्षी!

दुपारी. बाराच्या सुमारास बसल्या बसल्या मनात आलं आणि ही रोजनिशी मागे उलटली. १२ फेब्रु. सुई १२/२१.

चारदा वाचलं. लिहिण्यातच चूक झाली असेल, देताना नाही, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण त्याच पानावर आहे, दुपारी शुगर २८०. सकाळी कमी गेली म्हणून वाढली. संध्याकाळी एकवीस दिली, वरून जेवण अर्धं दिलं. पहाटे ३१.

मी केलं. ज्योतीने नाही, पथ्याने नाही. मी.

२६ फेब्रु., गुरु.

सांगितलं नाही कुणाला.

डॉक्टरने सुई कमी केली ती माझ्या "बारा"वर. म्हणजे तेव्हापासून कमलला कमी पडते आहे, म्हणून शुगर चढते आहे, म्हणून अंगठा. हे सगळं मला दिसतं. शुगर ३४०. अंगठ्याची कड काळी. शेजारच्या बोटालाही सूज. ज्योती कालचं विसरल्यासारखी आली, पट्टी केली, म्हणाली, "सर, आर्वीले नेऊ आजच्या आज."

सोमवारी नेऊ म्हटलं.

भीती वाटते, हे खरं. सांगितलं की वंदी आईला घेऊन जाईल. जावंच कमलने. मग मी ह्या घरात कुणासाठी उठू? हे लिहितानाही लाज वाटते. तिचा पाय सडतो आहे अन् मी माझा विचार करतो आहे.

सुई १४/६. दोनदा पाहून, तीनदा पाहून.

२८ फेब्रु., शनि.

सांगितलं. कमलला. सकाळी चहा पाजताना. म्हटलं, त्या दिवशी मी तुला संध्याकाळी एकवीस दिली.

ती चहा प्यायली. मग म्हणाली, "मी म्हणलं होतं ना तुमाले."

काय म्हटलं होतं?

"तवाच म्हणलं. अवो, आज सुईचा दट्ट्या लय लांब वढला तुमी, जास्त दिसून राह्यली. तं तुमी म्हणलं, आता तू मले आकडे शिकवतं का? मंग मी गप बसली."

मला आठवत नाही. अजिबात नाही. रोजनिशीत फक्त एवढं आहे की थोडं वाजलं, लिहिण्यासारखं नाही. साखरेने एक डोळा अधू झालेल्या बाईला दिसलं ते मला दिसलं नाही. तिने सांगितलं अन् मी ऐकलं नाही. आणि आता ते डोक्यातूनही गेलं. कमल शब्द थांबत थांबत बोलते, पण हे मात्र एका दमात बोलली.

"माफ कर" म्हटलं. ती म्हणाली, "चहा गार होऊन राह्यला तुमचा."

१ मार्च, रवि.

सिरिंज ज्योतीच्या हातात दिली. म्हटलं, आजपासून तू. कारणही सांगितलं, सगळं. बाहेर ओट्यावर, कमलला ऐकू जाऊ नये म्हणून, जसं काही तिला माहीत नाही. बोटांवरून जे बोललो त्याची माफी मागितली. आताची, अन् शाळेतलीही.

तिने सिरिंज उजेडात धरली, नखाने एकेक रेघ मोजत गेली, ओठ हलवत, गोंडीत. चौदा रेघांना केवढा वेळ! मी एका नजरेत वाचायचो. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. मग मला म्हणाली, "सर, तुमीबी पाहा एकदा." मी पाहिलं. दुरूनच.

वंदीला फोन केला. तिने ऐकून घेतलं. ओरडेल वाटलं होतं. नुसती म्हणाली, "मी निघते."

सुई १४/६, ज्योतीने दिली.

२ मार्च, सोम. आर्वी

दहाला पोचलो. कमलला चाकाच्या खुर्चीवर आत नेलं. डॉक्टरसमोर रोजनिशी उघडून ठेवली, १२ फेब्रु.चं पान. बोट ठेवून दाखवलं. "मी बारा सांगितलं होतं. एकवीस होती."

डॉक्टरने पान वाचलं. पुढचं वाचलं, मागचंही वाचलं. माझ्यावर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. पाय पाहिला, बराच वेळ दाबून पाहिला. म्हणाले आजच वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्या. दोन बोटं तर जाणारच. पाय राहतो का, ते तिथले सांगतील.

मग रोजनिशी मिटून माझ्या हातात दिली अन् विचारलं, "सर, तुमचं हे असं कधीपासून होऊन राह्यलं?"

म्हटलं, एकदाच. दोनदा म्हणा. ह्या महिन्यातलंच.

कमल भिंतीकडे पाहत होती. तिथूनच म्हणाली, "पोयापासून, डॉक्टरसाहेब."

पोळा ऑगस्टमध्ये होता. सहा महिने उलटून गेले. ह्या सहा महिन्यांत रोज दोन वेळा मी सुई घेऊन तिच्याजवळ गेलो अन् रोज दोन वेळा तिने बाही वर करून दंड पुढे केला. एकदाही मागे घेतला नाही.

अँब्युलन्स तीनला येते म्हणतात. वंदी तिकडूनच परस्पर वर्ध्याला येणार आहे. ज्योती आत आहे. मी बाहेर बाकावर बसून लिहितो आहे. आत जाऊन कमलला विचारायचं आहे, की काऊन. अजून गेलो नाही.